व्यंग्य आणि व्यंग : उपरोधिक लेखनाविषयीं कांहीं विचार

ह्या वार्षिक अंकासाठीं विद्यार्थ्यांकडून जें लेखन आलें, तें चाळीत असतां एक लहानसा लेख आमच्या हातीं पडला. लेख विनोदी होता, भाषा चटकदार होती; आणि खरें सांगावयाचें तर पहिले दोन परिच्छेद वाचून आम्ही मोठ्यानें हंसलोंहि. तिसऱ्या परिच्छेदाशीं मात्र आमचें हंसूं थांबलें. लेख वर्गांतीलच एका मुलावर होता. नांव दिलेलें नव्हतें, तरी वर्गांतील प्रत्येकास तें कळलें असतें. तो मुलगा खेड्यांतून आलेला. त्याचें बोलणें, त्याचा पोशाख, त्याची चालण्याची लकब ह्यांचें तें वर्णन होतें. त्यांतील एकहि वाक्य आम्ही येथें देत नाहीं. दिलें तर जें छापण्याचें आम्हीं नाकारलें, तेंच छापल्यासारखें होईल.

लेख परत केला तेव्हां तो लिहिणारा विद्यार्थी आमच्याकडे आला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. तो म्हणाला, "सर, वर्गांत आपणच आम्हांला कोल्हटकर आणि गडकरी वाचून दाखवितां. त्यांनींहि लोकांची थट्टाच केली आहे. मग त्यांची थट्टा साहित्य, आणि माझी मात्र कुचाळकी, हें कसें?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि मधल्या सुटीच्या दहा मिनिटांत त्याचें उत्तर आम्हांस नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों. आमच्या विद्यार्थिमित्रांप्रमाणेंच त्यांच्या आईबापांनींहि हा लेख वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण हें शस्त्र शाळेंत जितकें वापरलें जातें, त्याहून घरांत अधिक वापरलें जातें.

प्रथम शब्दांचे अर्थ स्पष्ट करून घेऊं. केवळ मौजेसाठीं केलेली थट्टा म्हणजे विनोद. त्यांत कोणास सुधारावें असा हेतु नसतो. एखाद्याचा दोष दाखवून त्यास हास्यास्पद करणें म्हणजे उपहास. मनांत एक धरून तोंडानें त्याच्या उलट बोलणें, आणि तें उलट आहे हें ऐकणारास कळेल अशी सोय ठेवणें, म्हणजे उपरोध. जेवणाची वेळ टळून गेल्यावर घरीं येणाऱ्या मुलास आई म्हणते, "या राजे! आज इतक्या लवकर कसें येणें केलेंत?" ह्या वाक्यांतील शब्द सारे मानाचे आहेत, तरी मुलगा मान खालीं घालून पानावर बसतो. हा घरगुती उपरोध. एखाद्याच्या लेखनाची किंवा रीतीची हुबेहूब नक्कल करून तिच्यांतील पोकळपणा उघडा करणें म्हणजे विडंबन. इंग्रजी साहित्यांत सटायर म्हणून जो प्रकार आहे, त्यांत ह्या सर्वांचा उपयोग होतो. आपण त्यास उपरोधिक लेखन म्हणूं.

निंदकाजवळ राग असतो. उपदेशकाजवळ नियम असतो. उपरोधिक लेखन करणाराजवळ दोन्ही असतात, परंतु तो तीं झांकून ठेवतो. हें झांकणें कशासाठीं, तें समजण्यास पवित्र शास्त्रांतील एक प्रसंग पाहावा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत तो आहे. दावीद राजानें आपल्या सैन्यांतील उरीया नांवाच्या वीराच्या बायकोचा अभिलाष धरला, आणि उरीयास लढाईच्या अगदीं तोंडीं ठेववून मारविलें. त्यानंतर नाथान संदेष्टा राजाकडे आला. त्यानें राजावर आरोप केला नाहीं. एक गोष्ट सांगितली. एका नगरांत एक श्रीमंत व एक गरीब असे दोघे राहत. श्रीमंताजवळ गुरांमेंढरांचे कळप होते. गरिबाजवळ एकच लहान मेंढी होती, व ती त्याच्या मुलाबाळांबरोबर वाढलेली होती. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हां त्यानें आपल्या कळपास हात लावला नाहीं. गरिबाची ती एकुलती एक मेंढी घेऊन पाहुण्यास रांधून घातली. गोष्ट ऐकून राजा संतापला, व असा मनुष्य मरणास पात्र आहे असा निकाल त्यानें तेथेंच दिला. मग नाथानानें त्यास सांगितलें कीं, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून राजा स्वत:च होय.

ही गोष्ट हंसविणारी नाहीं, तरी उपरोधिक लेखनाची किल्ली हिच्यांत आहे. माणसाच्या मनाच्या पुढच्या दारावर अभिमान पहारा करीत असतो. दोष उघड सांगावयास गेलें कीं तो दार लावून घेतो. गोष्ट मागच्या दारानें आंत शिरते, आणि आंत निजलेल्या न्यायाधीशास जागें करिते. निकाल लागल्यावर आरोपीचें नांव कळतें. तोंवर तो बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नाथानानें बोट दाखविलें तें सिंहासनाकडे. मेंढी गमावलेल्या गरिबाकडे नव्हे. ह्या मुद्द्याकडे आपणांस पुढें परत यावयाचें आहे.

आतां ह्या लेखनाचीं साधनें पाहूं. पहिलें साधन अन्योक्ति. एकाविषयीं बोलावें व तें दुसऱ्यास लागावें, ही तिची रीत. नाथानाची गोष्ट ह्याच जातीची. शास्ते ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत योथामानें सांगितलेली झाडांची गोष्टहि अशीच आहे. झाडें आपणांस राजा शोधावयास निघालीं. आपलें तेल सोडून येण्यास जैतून तयार होईना. अंजिरानें आपल्या गोड फळाचें, द्राक्षवेलीनें आपल्या रसाचें कारण सांगितलें. कांटेरी झुडूप मात्र तत्काळ कबूल झालें, आणि वर सर्व झाडांस आपल्या सावलींत येऊन बसण्याचा त्यानें हुकूम केला! कांटेरी झुडपाची सावली ती केवढी? सत्तर भावांस मारून राज्य बळकावणाऱ्या अबीमलेखावर ही गोष्ट होती. परंतु तींत त्याचा उल्लेखहि नाहीं, म्हणून ती आजहि जुनी झालेली नाहीं.

दुसरें साधन अतिशयोक्ति. लहान दोष डोळ्यांस दिसत नाहीं. तो भिंगाखालीं धरावा लागतो. दुसऱ्यांचे दोष काढणारांविषयीं बोलतांना प्रभु येशूनें असा एक मनुष्य डोळ्यांपुढें उभा केला आहे कीं, त्याच्या स्वत:च्या डोळ्यांत आख्खें मुसळ आहे, आणि तो भावाच्या डोळ्यांतलें कुसळ काढावयास निघाला आहे. कुसळ आणि मुसळ ह्या जोडीची म्हण मराठींत घरोघर आहे. डोळ्यांत मुसळ मावेल कसें, असें कोणी विचारीत नाहीं. चित्र अशक्य आहे, म्हणूनच तें डोळ्यांपुढून हलत नाहीं. ह्याच्या उलट साधन न्यूनोक्ति, म्हणजे मोठी गोष्ट लहान करून सांगणें. पुरानें अर्धें गांव वाहून नेलें असतां, "यंदा पाऊसमान समाधानकारक" असें वरिष्ठांस लिहून पाठविणाऱ्या कारकुनाची कल्पना करा, म्हणजे ह्या साधनाची धार कळेल.

तिसरें साधन व्याजस्तुति. हा आपल्या संस्कृत साहित्यशास्त्रांतील जुना अलंकार आहे. व्याज म्हणजे मिष. स्तुतीच्या मिषानें निंदा, किंवा निंदेच्या मिषानें स्तुति, असे ह्याचे दोन्ही प्रकार होतात. समजा, कोणी लिहिलें : "आमच्या गांवच्या रस्त्याचे उपकार किती सांगावे! त्याच्यामुळें बैल धीमेपणा शिकले, वाटसरू पावलोपावलीं देवाचें नांव घेऊं लागले, आणि पावसाळ्यांत मुलांस पोहण्यासाठीं नदीवर जाण्याचें कारण उरलें नाहीं." ह्यांत दोषाचा एकहि शब्द नाहीं, तरी रस्ता बांधणारानें हें वाचलें तर त्यास जेवण गोड लागणार नाहीं.

चौथें साधन सोंग. येथें लेखक स्वत: बोलत नाहीं; एखाद्या पात्राच्या तोंडून बोलतो. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. एकनाथमहाराजांनीं (मृत्यु १५९९) आपल्या भारुडांत जोशी, गोंधळी अशीं नाना सोंगें घेतलीं, आणि जो उपदेश पंडिताच्या तोंडून जड वाटला असता, तो सोंगाच्या तोंडून गांवानें हंसत ऐकला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) ह्यांनीं 'सुदाम्याचे पोहे' ह्या लेखांत सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हें त्रिकूट उभें केलें. हे तिघे रूढींवर व्याख्यान देत नाहींत. त्या मोठ्या भाबडेपणानें पाळावयास जातात, आणि त्यांची जी फजिती होते तिच्यावरून वाचक आपला धडा आपणच घेतो.

पांचवें साधन विडंबन. कोल्हटकरांस गुरु मानणारे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) ह्यांनीं 'बाळकराम' ह्या नांवानें जे विनोदी लेख लिहिले, त्यांत एका मुलीचें लग्न जमविण्याच्या घरगुती खटपटीस लष्करी मोहिमेचा थाट दिला आहे. थाट मोठा आणि प्रसंग लहान, म्हणून हंसूं येतें. परंतु हंसतां हंसतां ध्यानांत येतें कीं, मुलीच्या बापास लग्न ही खरोखरीच लढाई होऊन बसली आहे. प्रल्हाद केशव अत्रे ह्यांचीं 'झेंडूचीं फुलें' (१९२५) हीं विडंबन-कविता म्हणून प्रसिद्धच आहेत. 'केशवकुमार' ह्या नांवानें त्यांनीं तत्कालीन कवींच्या लकबी अशा उचलल्या कीं, कांहीं ठिकाणीं नक्कल मूळाहून सफाईदार झाली. विडंबन करूं इच्छिणारांनीं ह्यांतून एक गोष्ट शिकावी : ज्याची नक्कल करावयाची तें आधीं प्रेमानें वाचलेलें असावें लागतें.

आणखी एक साधन फार साधें आहे. तें म्हणजे यादी. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं लक्षणें दिलीं आहेत. तीं वाचूं लागलें म्हणजे प्रथम शेजारी आठवतात, नंतर नातेवाईक आठवतात. आणि आणखी दहावीस लक्षणें पुढें गेलें कीं वाचणारा गप्प होतो. त्याच दशकाच्या शेवटीं पढतमूर्खाचीं, म्हणजे शिकूनसवरून मूर्ख राहिलेल्याचीं, लक्षणें निराळीं दिलीं आहेत. आमच्या धंद्यांतील मनुष्यानें तो समास वर्षांतून एकदां तरी वाचावा, असें आम्हांस अनुभवानें वाटतें.

हीं बहुतेक सर्व साधनें एका ठिकाणीं पाहावयाचीं असल्यास जोनाथन स्विफ्ट ह्या लेखकाकडे जावें लागतें. स्विफ्टचा जन्म १६६७ सालीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. १७१३ पासून १७४५ सालीं मरेपर्यंत तो तेथील सेंट पॅट्रिकच्या मोठ्या देवळाचा डीन, म्हणजे मुख्य धर्मोपदेशक, होता. त्याचें 'गलिव्हरचा प्रवास' (१७२६) हें पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांस गोष्टीरूपानें ठाऊक आहे. लिलिपुट बेटावरील लोक सहा इंच उंचीचे. त्यांच्यांत अंडें कोणत्या टोंकाकडून फोडावें ह्यावरून घनघोर वैर माजलेलें. अकरा हजार माणसें त्यासाठीं मेलेलीं. आणि दरबारांतील मोठी जागा, जो ताणलेल्या दोरीवर न पडतां सर्वांत उंच उडी मारील त्यास मिळावयाची! लहानपणीं हें वाचून मौज वाटते. मोठेपणीं तेंच पुस्तक पुन्हां उघडलें म्हणजे कळतें कीं, तीं माणसें सहा इंचांचीं नसून आपल्याच उंचीचीं आहेत. इंग्लंडांतील राजकीय पक्ष आणि धर्मपंथांचीं भांडणें हाच लेखकाचा विषय आहे.

परंतु स्विफ्टचें सर्वांत तीक्ष्ण लेखन म्हणजे १७२९ सालीं निनांवी प्रसिद्ध झालेला एक लहान निबंध. त्याचें नांव मोठें सौम्य आहे : 'एक विनम्र सूचना'. त्या वेळची स्थिति आधीं समजून घेतली पाहिजे. आयर्लंडावर इंग्लंडचा अंमल होता. आयरिश व्यापारावर कायद्यांनीं बंधनें घातलेलीं होतीं. पुष्कळ जमीनदार खंड वसूल करून तो पैसा इंग्लंडांत बसून खर्च करीत. त्यांतच पिकें लागोपाठ बुडालीं, आणि डब्लिनच्या रस्त्यांवर पोरेंबाळें घेतलेल्या भिकारणींची रांग लागली. त्या काळीं देशाच्या दारिद्र्यावर आंकडेमोडीच्या योजना छापण्याची चाल होती. गरीब हा जणूं वहींतील एक रकाना आहे, अशा थंडपणानें ह्या योजना लिहिल्या जात. स्विफ्टनें अशाच एका योजकाचें सोंग घेतलें.

हा योजक हिशेबानें चालतो. गरीब आईबापांस देशांत दरसाल १,२०,००० मुलें होतात, असें तो धरतो. त्यांपैकीं २०,००० वंशवृद्धीसाठीं राखून बाकीचीं १,००,००० एक वर्षाचीं होतांच श्रीमंतांच्या जेवणासाठीं विकावीं, ही त्याची सूचना! मूल वर्षभर पोसण्यास दोन शिलिंग खर्च. किंमत दहा शिलिंग. म्हणजे आईस आठ शिलिंग निव्वळ नफा. ह्या योजनेचे सहा फायदे तो क्रमानें मांडतो. म्हातारे व रोगी गरिबांविषयीं कोणी काळजी दाखविली तर तो त्यांस धीर देतो कीं, तीं माणसें उपासानें आणि थंडीनें पुरेशा वेगानें मरतच आहेत. अखेरीस तो आपल्या नि:स्वार्थीपणाची ग्वाही देतो : आपलें धाकटें मूल नऊ वर्षांचें आहे आणि बायकोस आतां मूल होणार नाहीं, तेव्हां ह्या धंद्यांत आपणांस एक पैहि मिळावयाची नाहीं.

वाचणाराच्या अंगावर कांटा येतो. मात्र त्या बोलणाराचा आवाज कोठेंहि चढत नाहीं, हेंच ह्या निबंधाचें सामर्थ्य आहे. सोंग आहे, न्यूनोक्ति आहे, योजनापत्रकाचें विडंबन आहे. आणि अतिशयोक्ति तर शेवटच्या टोंकास गेलेली आहे. पण ती अतिशयोक्ति किती? जमीनदारांनीं आईबापांस तर आधींच खाऊन टाकलें आहे, तेव्हां मुलांवरहि पहिला हक्क त्यांचाच, अशा अर्थाचें एक वाक्य तो योजक सहज बोलून जातो. त्या वाक्याशीं वाचक थबकतो. जें तोंडानें करण्याची सूचना ऐकून आपण शहारलों, तें दुसऱ्या रीतीनें रोज चाललेंच आहे, आणि आपण शहारत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत येतें. नाथानाची गोष्ट ऐकून दावीदाची जी स्थिति झाली, तीच ह्या वाचकाची होते.

निबंधाच्या शेवटाशेवटास तो योजक बजावतो कीं, इतर उपायांच्या गप्पा आपल्यापुढें कोणी काढूं नयेत; आणि त्या न काढावयाच्या उपायांची यादीच देतो. देशाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसविणें, देशांत तयार झालेलाच माल वापरणें, जमीनदारांच्या मनांत कुळांविषयीं थोडी तरी दया उत्पन्न करणें, असे ते उपाय. हेच स्विफ्टचे खरे उपाय होते. आयर्लंडांतील मालच वापरावा असें पत्रक त्यानें १७२० सालीं काढलें होतें, आणि त्याबद्दल मुद्रकावर खटला झाला होता. सरळ बोलून पाहिल्यावर त्यानें वांकडें बोलणें पत्करलें, हें विसरूं नये.

स्विफ्ट कोणाच्या बाजूस उभा होता, हें लोकांस ठाऊक होतें. १७२४ सालीं इंग्लंडांतील एका व्यापाऱ्यानें पाडलेलीं तांब्याचीं नाणीं आयर्लंडाच्या माथीं मारण्याचा बेत चालला होता. तेव्हां एका साध्या कापडविक्याचें सोंग घेऊन स्विफ्टनें त्याविरुद्ध पत्रें लिहिलीं. लेखकाचें नांव सांगणारास सरकारनें ३०० पौंडांचें बक्षीस लावलें. नांव डब्लिनमध्यें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरी तें बक्षीस घ्यावयास कोणी पुढें आलें नाहीं, आणि १७२५ सालीं तो बेत सोडून द्यावा लागला. मरतांना त्यानें आपली बहुतेक मालमत्ता मनोरुग्णांच्या इस्पितळासाठीं ठेवली. तें इस्पितळ डब्लिनमध्यें आजहि चालूं आहे. त्याच्या 'विनम्र सूचने'नें मात्र आयर्लंडची भूक भागली नाहीं. १८४५ पासूनच्या दुष्काळांत तो देश पुन्हां होरपळून निघाला. लेखणीनें धान्य पिकत नाहीं. परंतु निर्दयपणानें अंगावर घेतलेली शहाणपणाची शाल ती ओढून काढूं शकते, आणि एकदां ती शाल निघाली म्हणजे पुन्हां पांघरणें कठीण जातें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या भाषेंत दोन शब्द असे आहेत कीं, लिहितांना मुलें त्यांत नेहमीं घोंटाळा करितात. एक व्यंग्य, आणि दुसरा व्यंग. व्यंग्य म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे सुचविलेला अर्थ. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोक' ह्या ग्रंथांत काव्याचें सारें सौंदर्य ह्या सुचविलेल्या अर्थावर उभें केलें. व्यंग म्हणजे शरीरांतील उणीव. दोहोंत एका जोडाक्षराचें अंतर आहे. ज्यास व्यंग्य साधत नाहीं, तो व्यंगावर हंसून काम भागवितो. त्यास बुद्धि लागत नाहीं. लंगड्याच्या मागें लंगडत चालणारें पोरहि तें करूं शकतें.

स्विफ्टनें आपल्याच मृत्यूविषयीं एक कविता लिहिली. ती १७३९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत त्यानें आपल्या लेखनाविषयीं असा दावा केला आहे कीं, जो दोष सुधारणें माणसाच्या हातीं आहे त्यावरच आपण प्रहार केला. कोणाच्या पाठीच्या कुबडास किंवा वांकड्या नाकास आपण हंसलों नाहीं. त्यानें हा नियम प्रत्येक वेळीं पाळला असें म्हणवत नाहीं. व्यक्तींवरील त्याचे कांहीं प्रहार फार कडवट आहेत. तरी नियम खरा आहे. त्याच्या आधारें आम्ही उपरोध लिहूं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास तीन प्रश्न सुचवितों. पहिला : ज्या गोष्टीस आपण हंसतों, ती बदलणें त्या माणसाच्या हातीं आहे काय? दुसरा : तो माणूस आपल्यास उलट उत्तर देण्याइतका समर्थ आहे काय? तिसरा : जो दोष आपण दाखवितों, तो आपल्या अंगीं शोधून पाहिला आहे काय?

परत केलेला तो लेख ह्या तिन्ही प्रश्नांस उतरत नव्हता. पोशाख त्या मुलाच्या हातीं नव्हता; तो बापाच्या मिळकतीवर होता. बोली हा तर दोषच नव्हे; ती त्याच्या आईची भाषा. उत्तर देणें त्यास शक्य नव्हतें. कारण सारा वर्ग हंसत असतां एकटा मुलगा बोलणार काय? आणि लिहिणारा स्वत: त्या लेखांत कोठेंच नव्हता, तो बाहेर उभा राहून बोट दाखवीत होता. कोल्हटकर हंसले ते स्वत:च्या समाजाच्या रूढींस. त्यांचा सुदामा त्या फजितींत स्वत: सामील असतो. आमच्या ख्रिस्ती समाजानेंहि हें शिकण्यासारखें आहे. नम्रतेवरील उपदेश ऐकण्यासाठीं देवळांत जावें, आणि पुढच्या बांकावर कोणीं बसावें ह्यावरून दारांतच रुसवे व्हावे, हा देखावा आम्हीं पाहिला आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' (१९३४–३६) ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांस आठवेल कीं, त्या बाई कितीहि जणांस हंसल्या तरी स्वत:ची फजिती सांगतांना त्यांची लेखणी सर्वांत अधिक खुलते. म्हणूनच त्यांचें हंसणें कोणास बोंचत नाहीं.

येथें आमच्याहि मुसळाविषयीं बोललें पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं, दुसऱ्या एका शाळेंत, आम्हीं एका मुलाची वही वर्गापुढें धरून त्याच्या अक्षराची औपरोधिक भाषेंत फार स्तुति केली. वाक्य चांगलें साधलें होतें, वर्ग हंसला, आम्हांस आपल्या भाषाप्रभुत्वाचा आनंद झाला. तो मुलगाहि हंसला. परंतु त्या दिवसानंतर त्यानें वर्गांत कधीं हात वर केला नाहीं, आणि वही देतांना ती तो उघडीनाशी देऊं लागला. ती व्याजस्तुति अलंकारशास्त्राच्या दृष्टीनें निर्दोष होती. चूक एवढीच झाली कीं, ती वरून खालीं फेंकली होती. गुरूनें शिष्यावर, बापानें मुलावर, धन्यानें चाकरावर चालविलेला उपरोध हें शस्त्र नव्हे. तो दगड होय. आईबापांस आमची विनंति आहे कीं, पाहुण्यांपुढें मुलाच्या गुणांची "आमचे चिरंजीव मोठे पंडित!" अशी स्तुति करण्यापूर्वीं ह्या गोष्टीचा विचार करावा. लहान मुलास उपरोधांतील गंमत कळत नाहीं. त्यांतला अपमान मात्र तेवढा कळतो.

हें सारें आम्हीं त्या विद्यार्थ्यास पुढें एका शनिवारीं शाळा सुटल्यावर सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, वाद घातला नाहीं, आणि आठ दिवसांनीं एक नवा लेख आणून दिला. तो एका शिक्षकांवर आहे. मितभाषणाचें महत्त्व ह्या विषयावर ते बोलावयास उभे राहतात. तास संपल्याची घंटा होते, पुढच्या तासाचे शिक्षक दारांत येऊन उभे राहतात, आणि तरी मितभाषणाचें महत्त्व संपत नाहीं. शेवटच्या बांकावर एक विद्यार्थी वहींत तोंड खुपसून झोंपलेला आहे, व जागा झाल्यावर सर्वांच्या आधीं मान हलवून संमति देतो. तो विद्यार्थी लेखक स्वत: आहे. ते शिक्षक कोण, हें ओळखण्यास आमच्या वर्गांतील मुलांस फार वेळ लागणार नाहीं. तो लेख ह्याच अंकांत छापला आहे; आणि तो वाचल्यापासून आम्ही घंटेकडे लक्ष ठेवीत आहों.